खर्ज गेला नव्हता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीला नाही, मुलीला नाही, देवघरात हात जोडून उभी राहते तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तिथेही मी तब्येतीचंच बोलते. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता, तर चहा विचारला असता आणि गप्प बसले असते.

आणि आधीच सांगून ठेवते — माझी कीव करायची नाही. मध्येच कुठेतरी तुम्हाला वाटेल की बाईचंही बरोबर आहे. वाटलं तर तो तुमचा प्रश्न. मी बरोबर नव्हते, आणि ते मला त्याच क्षणी कळत होतं.

माझ्या नवऱ्याचं नाव मनोहर. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, चारचौघांत 'हे' म्हणते. इथे मात्र 'तो' लिहिणार आहे. सवय नाही, हात अडखळतो आहे. अडखळू दे.

आम्ही कारंजात राहतो. नागपूर-अमरावती हायवेपासून घर थोडंसंच आत आहे, त्यामुळे ट्रक आमच्या बोलण्यात, झोपण्यात, सगळ्यातच असतात. भरलेला ट्रक चढावर गिअर बदलतो तेव्हा आमच्या मांडणीतले पेले एकमेकांना लागतात. मनोहर बँकेत होता, मी शाळेत शिकवत होते. आता दोघंही रिटायर. एकच मुलगी, रश्मी, ती नागपूरला असते.

मनोहरला गाण्याचा नाद. म्हणजे ऐकण्याचा. गाणारी मी होते.

हेडफोन घ्यायचं त्याच्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं. वाचायचा, लोकांना फोन करून विचारायचा, वहीत नाही पण तोंडाने सारखा हिशोब — हा बरा की तो. शेवटी चांगल्यातले, महागातले मागवले. अख्खा कान झाकणारे, मऊ गाद्यांचे. "ट्रकांपायी घेऊन राह्यलो," असं मला म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

पहिल्या दिवशी त्याने मला खुर्चीत बसवलं. माझे केस स्वतःच्या हाताने कानामागे सारले आणि हेडफोन माझ्या डोक्यावर ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने माझे केस असे कितीदा सारले असतील? आठवत नाही. ट्रक नाहीसे झाले. सगळेच. आणि मग तंबोरा सुरू झाला.

तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची — सगळ्यात जाड, सगळ्यात खालचा स्वर. तो कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. लहानपणी आष्टीला मी गाणं शिकले, तंबोरा जुळवण्यात माझ्या कितीतरी सकाळी गेल्या. पण मशीनमधून असा खर्ज मी कधी ऐकला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. मनोहर समोर उकिडवा बसून माझ्या तोंडाकडे बघत होता, लहान पोरासारखा.

"आयकलं? आता तं नवे आहेत. वाजवत राह्यलं का आवाज अजून मोकळा होते."

हे त्याचं मग कितीतरी महिने चाललं. आतला पडदा नवा असताना ताठ असतो, वाजून वाजून सैल होतो, आवाज उघडत जातो. दर रविवारी भोयर भाऊजी यायचे — त्याचे जुने मित्र, विजेच्या ऑफिसातून रिटायर झालेले — त्यांना तो सांगायचा, "पाहा, मधला आवाज उघडला." भोयर मान हलवायचे. मी आतून ऐकायची आणि मनात म्हणायची, हेडफोन उघडला की तुमच्या कानाला त्याची सवय झाली? नव्या सुनेची भाजी सहा महिन्यांनी आवडायला लागते, तेव्हा भाजी बदललेली असते का? पण मला कोण विचारत होतं.

मग भोयरांच्या घराची वास्तुशांत झाली. तिथे बायकांनी आग्रह केला म्हणून मी एक भजन म्हटलं. मनोहरने ते मोबाईलवर घेतलं. पुढच्या रविवारी भोयर आणि त्यांची बायको आमच्याकडे चहाला आले होते. त्यांच्यासमोर याने हेडफोन लावला, डोळे मिटले आणि माझं भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. परीक्षेचा निकाल लागायचा असतो तसे. त्याने हेडफोन काढला.

"याच्यात काहीच लपत नाई," तो म्हणाला. "इचा पंचम उतरते. दरवेळेस." मग हसून, "घरच्या घरी ठीक आहे."

भोयर वहिनी हसल्या. दुसरं काय करावं त्यांना सुचलं नसावं. मीही हसले. आत गेले, चहा गाळला, बाहेर आणून दिला. नंतर एकटी असताना मोबाईलवर ऐकून पाहिलं. पंचम उतरत होता. अगदी केसभर, पण उतरत होता. तो खरं बोलला होता — आणि तेच मला सहन झालं नाही. खोटं बोलला असता तर मी भांडले असते.

त्या दिवसापासून मी गायले नाही. ओट्याशी नाही, अंघोळीत नाही. शाळेत प्रार्थना सुरू करायला दुसऱ्या बाईंना पुढे करायची, घसा बसला म्हणायची. आणि मनोहर? त्याने विचारलं का? एकदा तरी? कुणा गवयाने पन्नास वर्षांपूर्वी घेतलेला श्वास ज्याला ऐकू येत होता, त्याला स्वतःच्या घरातलं एक माणूस मुकं झालेलं ऐकू आलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे कारण. नाही. मला त्याला सांगायला कितीतरी वर्षं मिळाली. रोज समोरासमोर जेवत होतो. एका वाक्याचं काम होतं. मी ते वाक्य बोलले नाही, मुरत घातलं. मुरत घालण्यात एक सुख असतं. ते ज्यांनी घेतलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

हेडफोन म्हातारे होत गेले. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगून कळणार नाही. रबर चिकट होतं, प्लास्टिक वाकतं. आधी गाद्यांवरचं काळं आवरण सुटायला लागलं. त्याचे बारीक पापुद्रे मनोहरच्या कानांना, मानेला चिकटायचे. उशीच्या अभ्र्यांवरून ते वेचता वेचता मी त्याला मनातल्या मनात काय काय म्हणायची. मग गाद्या दबल्या, चपट्या झाल्या. एकीची शिवण उसवली. डोक्यावरची पट्टी पूर्वी घट्ट धरायची, ती ढिली पडली. वायर हाताला चिकटायला लागली. पण आतलं यंत्र — ते मात्र चांगलं होतं. चांगली वस्तू बनवणारे ती आतून चांगली बनवतात. आत काहीसुद्धा बिघडलं नव्हतं.

मनोहरला हे कळलं नाही. कसं कळणार? रोज ऐकणाऱ्याला बदल ऐकू येत नाही. आवाज रोज इतका थोडा बदलतो की कान त्याच्याबरोबर चालत राहतो. आणि मग एका दिवशी त्याला काहीतरी कमी वाटलं. त्याने आवाज वाढवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा वाढवला. एकदा हेडफोन हातात धरून मला म्हणाला, "आजकाल ट्रक वाढले का वं?"

"असतील," मी म्हणाले.

तेव्हा मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. पण संशय आला होता, आणि उठून पाहावंसं वाटलं नाही.

मनोहरचे वडील याच वयात बहिरे झाले. ते मी पाहिलेलं आहे. कानाला हाताचा द्रोण लावून ते बाजारात उभे राहायचे आणि दुकानदार मुद्दाम नुसते ओठ हलवायचे, काही न बोलता. लोक हसायचे. मनोहर वडिलांवरच खेकसायचा, सगळ्यांदेखत. शेवटी शेवटी ते बोलेनासेच झाले. ते गेले त्यावर मनोहर माझ्याजवळ कधी बोलला नाही, पण मला एवढं कळत होतं — या माणसाला मरणाची नसेल इतकी बहिरेपणाची भीती आहे.

हे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा. पुढचं जे आहे ते हे माहीत असून आहे.

एका रविवारी दुपारी त्याने कूलर बंद केला. बाहेर ऊन नुसतं रखरखत होतं. मला हाक मारली, त्याच खुर्चीत बसवलं. रुमालाने गाद्या पुसल्या, पापुद्रे झटकले. त्याचा हात थोडा कापत होता. तेव्हा मला ते बघून काय वाटलं ते नंतर सांगते.

"तू पयल्या दिवशी आयकलं होतं," तो म्हणाला. "मधात कधीच आयकलं नाई. मी रोज आयकतो, माह्या कानाचा आता भरवसा नाई. तुले फरक समजन. खरं सांगजो — आवाज तोच आहे, का बदलला?"

त्याचं बरोबर होतं. अख्ख्या कारंजात, अख्ख्या जगात, एकटी मी साक्षीदार होते. इतक्या वर्षांत त्याने माझ्या कानावर पहिल्यांदा भरवसा टाकला होता.

त्याने तेच, पहिल्या दिवशीचं गाणं लावलं. तंबोरा सुरू झाला, आणि खर्ज नव्हता. गेलाच होता. वरच्या तारा वाजत होत्या, पातळ, पत्र्यावर वाजल्यासारख्या. गवयाचा आवाज नाकातून येत होता. आणि मला ट्रक ऐकू येत होते. पहिल्या दिवशी नाहीसे झालेले ट्रक, उसवलेल्या शिवणीतून, चपट्या गादीच्या फटीतून आत येत होते. जिथून ट्रक आत येत होते तिथूनच खर्ज बाहेर जात होता. मी दोन्ही तळहातांनी गाद्या कानांवर दाबल्या. खर्ज आला! तसाच, पहिल्या दिवसासारखा, छातीत. हात सोडले, गेला. पुन्हा दाबले, आला.

इतकं सोपं होतं. गाद्या बदलायच्या. बस.

तो माझ्याकडे बघत होता. "दाबलं का बरं वाटते, मलेही वाटते," तो हळू आवाजात म्हणाला. "पण बाबाले पण हात लावला का बरं वाटे."

मी हेडफोन काढला. मांडीवर ठेवला. आणि त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "तसाच आहे. पहिल्या दिवसासारखा. काहीच फरक नाही."

झालं. हीच ती गोष्ट. एवढंच वाक्य.

त्याचा हात कापताना बघून काय वाटलं ते सांगते म्हणाले होते. बरं वाटलं. लिहून टाकते, म्हणजे मला नंतर फिरवता येणार नाही — बरं वाटलं. एक थंडगार, स्वच्छ बरं.

त्याने हेडफोन माझ्या मांडीवरून उचलला, गाद्या उलटसुलट बघितल्या. मग म्हणाला, "गाद्या बदलून पाहू का?"

"कशाला?" मी म्हणाले. "आवाज तर तोच आहे. उगीच."

त्याने मान हलवली. हेडफोन डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि कूलर सुरू केला. पाठमोरा असतानाच म्हणाला, "मंग माहेच कान गेले."

तेव्हा बोलता आलं असतं. थट्टा केली म्हणता आलं असतं. मी स्वयंपाकघरात गेले.

पुढे तो वर्ध्याला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवून आला. मी सोबत होते. डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि म्हणाले, वरचे बारीक आवाज थोडे कमी येतात, पण या वयात सगळ्यांचंच असं असतं, काळजीचं काही नाही. मनोहरने त्यातलं 'कमी' एवढंच ऐकलं. परत येताना एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला. मी त्याला सांगू शकत होते की डॉक्टर खालच्या स्वरांबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत, तुमचा तर खर्ज गेलाय — म्हणजे दोष कानाचा नाही, जरा विचार करा. माझ्याइतकं हे कुणाला कळणार होतं? मी पिशवीतून संत्रं काढून सोललं आणि अर्धं त्याला दिलं.

भोयरांकडे जाणं त्याने बंद केलं. ते आले तर म्हणायचा, "आता मले काय समजते त्याच्यातलं." एका दिवशी हेडफोनचा डबाच त्यांच्या हातात ठेवला. भोयर नको नको म्हणत होते. "घेऊन जाय," हा म्हणाला, "इथं पडून काय करते?"

महिनाभराने भोयर मला भाजीबाजारात भेटले. चेहरा नुसता खुललेला. "वहिनी, अवं त्या हेडफोनले काहीच झालं नोतं! गाद्या सडल्या होत्या फकत. नव्या टाकल्या तं असा वाजून राह्यला का विचारू नका. मन्याले घेऊन या. त्याच्या कानात घालतो अन् दाखवतो."

बाजारात उभी होते, हातात मेथीची जुडी. देवाने याहून सरळ दार कुणाला उघडून दिलं असेल? आणि मी काय केलं — आवाज खाली आणला, डोळे खाली केले आणि म्हणाले, "भाऊजी, त्यांना नका सांगू. डॉक्टरांनी कानाचं सांगितल्यापासून फार मनाला लावून घेतलंय. त्या हेडफोनचं नाव काढलं तरी जेवत नाहीत. आणखी त्रास होईल."

भोयर साधे माणूस आहेत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरं झालं तुम्ही सांगतलं," म्हणाले. "नाई सांगत." आणि त्यांनी शब्द पाळला. माझ्या खोट्यात मी एका चांगल्या माणसाला नोकर ठेवलं, आणि त्याला वाटतं आपण मैत्री निभावतो आहोत.

पहिलं वाक्य एका क्षणात निघून गेलं होतं, असं मी स्वतःला सांगायची. हे दुसरं? हे तर मी भाजी निवडावी तसं निवडून बोलले.

मनोहर हळूहळू ऐकायचंच सोडत गेला. ऐकू येत होतं, पण त्याचा विश्वास नव्हता. दारावर कुणी आलं तर माझ्याकडे बघायचा — खरंच कुणी आहे का? रश्मीचा फोन आला की दोन वाक्यं बोलून माझ्या हातात द्यायचा. "तूच बोल, मले नीट येत नाई." मग रश्मी मला सांगायची आणि मी त्याला सांगायची. जेवढं वाटेल तेवढं. ती म्हणायची, बाबांना म्हणावं मी खूप आठवण काढते. मी सांगायची, "रश्मी बरी आहे." कधी कधी तेवढंच.

आवडत होतं मला हे. घरात येणारा प्रत्येक आवाज आधी माझ्याकडे यायचा. तुम्हाला वाटत असेल, मला रात्रंदिवस टोचणी लागली असेल. नव्हती लागली. मी छान जेवत होते. तुम्हाला पश्चात्तापाची गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा.

मग रश्मीने मनावर घेतलं. पोरगी बापाची फार. नागपुरात एका दुकानात घेऊन गेली, तिथल्या माणसाने पुन्हा तपासलं, थोडं कमी आहे म्हणाला — थोडं तर सगळ्यांचंच असतं — आणि कानात घालायची दोन मशीनं दिली. मी तिथेच बाकावर बसले होते. रश्मीने मला विचारलं, "आई, घ्यायची ना? तू त्यांच्याजवळ असतेस, तुलाच माहीत."

"घेऊन टाक," मी म्हणाले.

तेव्हापासून ती मशीनं त्याच्या कानात आहेत. ज्या कानांना ऐकू येतं, त्या कानांत. तुम्हीच विचार करा कसं होत असेल. कुकरची शिट्टी झाली की तो खुर्चीची कड धरतो. हायवेवर ट्रकने ब्रेक मारला की डोळे घट्ट मिटतो. पेपरचं पान मी उलटलं तरी दचकतो. दुकानदाराने सांगितलंय, सुरुवातीला असं होतं, सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून तो काढत नाही. माणूस चिकाटीचा आहे. संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं इतकं दुखतं की तो टॉवेल ओला करून कपाळावर ठेवतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. आणि मला म्हणतो, "तुले उगी माह्यापायी त्रास."

एक वाक्य पुरेल. आजही पुरेल. काढा ते, तुमचे कान चांगले आहेत, मी खोटं बोलले. वाक्य तोंडात तयार असतं. मग पुढचं दिसतं — तो हळूच माझ्याकडे वळेल, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला नीट बघेल. ते मला नको आहे. मी भित्री आहे, आणि त्या भित्रेपणाची किंमत तो देतो आहे, दिवसभर, दोन्ही कानांनी.

काल जेवण झाल्यावर त्याने मशीनचा आवाज एक घर वाढवला. तसा चेहरा ताणला गेला, पण हसला. "आता तुहा आवाज साफ येते," म्हणाला.

"बरं झालं," मी म्हणाले.

मग स्टीलची ताटं उचलली आणि मोरीत टाकली. हळूही ठेवता आली असती.